लेनी हेन्री : दार उघडले, पण कुठले?

एप्रिल २०१४ मध्ये ब्रिटनमधील युकिप या पक्षाच्या एका स्थानिक उमेदवाराने ट्विटरवर लिहिले, की विनोदी नट लेनी हेन्री यांना टीव्हीवरच्या गोऱ्या चेहऱ्यांचा एवढाच त्रास होत असेल, तर त्यांनी एखाद्या काळ्या देशात जाऊन राहावे. त्यावर गदारोळ झाला, उमेदवाराला पक्ष सोडावा लागला आणि प्रकरण मिटले. मात्र त्या सूचनेत लिहिणाऱ्याच्या नकळत एक विनोद दडून बसला होता. हेन्री यांचा जन्म डडलीचा, आणि बर्मिंगहॅमच्या पश्चिमेकडील ज्या पट्ट्यात डडली येते त्याला एकोणिसाव्या शतकापासून ‘ब्लॅक कंट्री’ असेच म्हणतात. कोळशाच्या खाणी आणि लोखंडाच्या भट्ट्या यांच्या धुराने काळवंडलेला हा मुलूख. तेव्हा हेन्री यांना काळ्या देशात जा म्हणणे म्हणजे त्यांना त्यांच्या आईच्या घरी पाठवण्यासारखे होते.

गंमत अशी, की हा विनोद हेन्री यांनी स्वतः चाळीस वर्षांपूर्वीच करून ठेवलेला होता. परदेशातून आलेल्या काळ्या-सावळ्या लोकांना पैसे देऊन मायदेशी पाठवावे, असे ईनॉक पॉवेल हे खासदार त्या काळी आग्रहाने मांडत असत. पॉवेल आम्हाला घरी जाण्यासाठी पैसे देणार म्हणतात, तर माझी काहीच हरकत नाही, कारण इथून डडलीचे बसभाडे अगदीच किरकोळ आहे, अशा आशयाचा तो विनोद होता. तो करणारा मुलगा तेव्हा विशीच्या आत होता. एवढ्या वर्षांनंतर त्याच माणसाला, आता तो देशभर ओळखला जात असताना, तीच सूचना पुन्हा ऐकावी लागली.

हेन्री यांचे असे म्हणणे तरी काय होते? ब्रिटिश टीव्हीवर आणि त्याहीपेक्षा टीव्हीच्या पडद्यामागे वांशिक अल्पसंख्याक फारच कमी आहेत, सदिच्छांनी हे बदललेले नाही, म्हणून बीबीसीने या समाजांतील लोक ज्या निर्मितीत खरोखर कामाला आहेत अशा कार्यक्रमांसाठी वेगळा निधी राखून ठेवावा, अशी त्यांची मागणी होती. ही मागणी रास्त आहे, असे माझे मत आहे. तिच्या बाजूने आकडेवारी बरीच देता येईल आणि थोडी पुढे देणारही आहे. पण सर्वांत भक्कम पुरावा मला हेन्री यांच्या स्वतःच्या कारकिर्दीत, त्यातही ज्या पाच वर्षांची त्यांना पुढे लाज वाटली त्या पाच वर्षांत, दिसतो.

लेनवर्थ जॉर्ज हेन्री याचा जन्म २९ ऑगस्ट १९५८ चा. आईवडील जमैकाचे. आई पन्नासच्या दशकात इंग्लंडला आली ती कामाच्या शोधात. ती ज्या भागात आली तिथले वातावरण समजण्यासाठी दोन घटना पुरेशा आहेत. डडलीपासून काही मैलांवरच्या स्मेदिक मतदारसंघात १९६४ ची निवडणूक उघड वंशद्वेषी प्रचारावर लढवली आणि जिंकली गेली, आणि १९६८ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या वुल्व्हरहॅम्प्टनचे खासदार असलेल्या पॉवेल यांनी बर्मिंगहॅममध्ये परकीयांच्या आगमनाविरुद्धचे ते कुप्रसिद्ध भाषण केले. लेनी तेव्हा नऊ वर्षांचा होता. या परिस्थितीत आईने मुलांना एकच मंत्र दिला : इथल्या लोकांत मिसळा. शाळेतल्या मुलांत मिसळा, त्यांच्यासारखे बोला, वेगळे पडू नका. लेनीने हा मंत्र अक्षरशः अमलात आणला. अंगावर धावून येणाऱ्या मुलाला हसवले की त्याचा हात थांबतो, हे त्याला लवकर उमगले, आणि हसवण्याचा हमखास उपाय म्हणजे गोऱ्या लोकांच्या हुबेहूब नकला. मिसळून जाण्याचा याहून पुरा प्रकार तो कोणता?

जानेवारी १९७५ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो आयटीव्ही या वाहिनीवरील ‘न्यू फेसेस’ या नवोदित कलाकारांच्या स्पर्धेत उतरला. त्या काळी फ्रँक स्पेन्सर नावाचे एका मालिकेतील वेंधळे पात्र घराघरांत लाडके होते. लेनी त्याच्या वेषात प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहिला, त्याच्या आवाजात बोलला आणि मग वळला. आवाज गोऱ्या माणसाचा आणि चेहरा काळ्या पोराचा, हे पाहून सभागृह हशाने कोसळले. तो जिंकला. यात कोणाची मेहेरबानी नव्हती, कोणतीही सवलत नव्हती. निखळ गुणवत्तेवर मिळवलेला हा विजय होता. राखीव निधीला विरोध करणारे ज्या खुल्या स्पर्धेचे गोडवे गातात, ती हीच.

या गुणवत्तेचे बक्षीस काय मिळाले, तर ‘द ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो’.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. गोरे गायक तोंडाला काळे फासून, ओठ आणि डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळे काढून, अमेरिकेच्या दक्षिणेकडील गुलामगिरीच्या काळातली म्हणून समजली जाणारी गाणी गात आणि नाचत. बीबीसीने हा कार्यक्रम १९५८ मध्ये सुरू केला. १९६१ मध्ये त्याला माँट्रो येथील टीव्ही महोत्सवात सुवर्ण गुलाब हा पुरस्कार मिळाला. ऐन भरात असताना तो दीड कोटीहून अधिक लोक पाहत. त्याची रंगमंचीय आवृत्ती लंडनच्या व्हिक्टोरिया पॅलेस थिएटरमध्ये १९६२ ते १९७२ अशी दहा वर्षे चालली आणि तिचे सहा हजारांहून अधिक प्रयोग झाले. वंशभेदाविरुद्ध लढणाऱ्या एका संघटनेने १९६७ मध्ये हा कार्यक्रम बंद करण्यासाठी बीबीसीकडे अर्ज केला. बीबीसीने तो पुढे आणखी अकरा वर्षे चालवला. तोंडाला काळे फासणे ही आपल्याकडे दुसऱ्याची धिंड काढण्याची रीत आहे. इथे मात्र गोरे लोक काळे स्वतःच्याच तोंडाला फासत होते आणि बेअब्रू होत होती ती समोर नसलेल्या तिसऱ्याच माणसांची.

या कार्यक्रमाच्या रंगमंचीय दौऱ्यांचे निर्माते रॉबर्ट लफ हेच तरुण लेनीचे व्यवस्थापक झाले, आणि सोळा-सतरा वर्षांचा तो मुलगा करारान्वये त्या दौऱ्यांत विनोदी कलाकार म्हणून दाखल झाला. सुमारे पाच वर्षे तो तिथे होता. सगळ्या ताफ्यात रंग न फासता काळा असलेला तो एकटाच, आणि प्रसिद्धीसाठी याच गोष्टीवर विनोद केले जात. घरी याबद्दल अवघडलेपण होते. हेन्री यांनी पुढे वेळोवेळी या पर्वाबद्दल खंत व्यक्त केली आहे आणि त्या काळात आपण मनाने फार खचलो होतो असेही सांगितले आहे.

त्याने नकार का दिला नाही, हा प्रश्न आज फार सहज विचारला जातो. मला तो प्रश्नच चुकीच्या दारावर टकटक करतो असे वाटते. सतरा वर्षांच्या कामगार घरातल्या मुलाकडून आपण जी बाणेदार वृत्ती मागतो, ती बीबीसीच्या वरिष्ठांकडून वीस वर्षे फारशी कोणी मागितली नाही. विचारायचे तर असे विचारावे, की देशभर गाजलेली स्पर्धा जिंकणाऱ्या काळ्या मुलासमोर त्या काळच्या मनोरंजन व्यवसायाने दुसरे कोणते दार उघडे ठेवले होते? याचे उत्तर फार तोकडे आहे. १९७६-७७ मध्ये ‘द फॉस्टर्स’ ही मालिका आली, जिच्यात नॉर्मन बीटन यांच्यासह जवळपास सगळेच कलाकार काळे होते. ब्रिटनमध्ये तसे प्रथमच घडत होते. पण तिच्या संहिता एका अमेरिकन मालिकेवर बेतलेल्या होत्या. लंडनमधील काळ्या कुटुंबाची गोष्ट सांगण्यासाठी ब्रिटिश दूरचित्रवाणीला ती शिकागोहून आणावी लागली, याहून पडद्यामागच्या रिकाम्या खुर्च्यांची अधिक स्पष्ट साक्ष कोणती हवी?

क्लबांचे विश्व तर याहून कठीण होते. सत्तरच्या दशकाच्या आरंभी ग्रॅनडा वाहिनीवरील ‘द कॉमेडियन्स’ या कार्यक्रमामुळे उत्तर इंग्लंडच्या कामगार क्लबांतला विनोद घरोघरी पोचला. त्यात बर्नार्ड मॅनिंग यांच्यासारखे परप्रांतीयांवर आणि परवंशीयांवर सरसकट विनोद करणारे लोक होते, आणि चार्ली विल्यम्सही होते. विल्यम्स हे बार्न्सलीजवळचे, पूर्वी खाणीत काम केलेले, डॉन्कास्टर रोव्हर्सकडून फुटबॉल खेळलेले काळे गृहस्थ, बोलायला अस्सल यॉर्कशरी. प्रेक्षक थंड राहिले तर ते म्हणत, हसला नाहीत तर तुमच्या शेजारी राहायला येईन. प्रचंड हशा पिकत असे. हा विनोद बारकाईने पाहण्यासारखा आहे. काळा शेजारी ही धमकी ठरते, हे प्रेक्षकांच्या मनातले विल्यम्स स्वतःच्या तोंडाने बोलून टाकत, आणि मग त्यांना पुढचा तासभर खुशाल बोलू दिले जाई. नाक्यावर जकात भरल्याखेरीज माल शहरात न्यायचा नाही, तसा हा प्रकार. गोऱ्या विनोदवीराला ही जकात नव्हती. तो थेट आपल्या सासूवर बोलायला सुरुवात करू शके.

स्वतःवर केलेला प्रत्येक विनोद ही लाचारीच असते, असे मात्र मी म्हणणार नाही. तसे म्हटले तर निम्मा विनोदच बाद करावा लागेल. आरंभी सांगितलेला डडलीच्या बसभाड्याचा विनोदच पाहा. त्याची सुरुवात जकातीसारखीच आहे : हो बाबांनो, मी परका, मला घालवायला टपलेले लोक आहेत. पण शेवटच्या शब्दाला तो पलटी खातो, कारण डडली हेच घर आहे हे त्यात गृहीत धरलेले आहे आणि हसणाऱ्याने हसता हसता ते मान्य केलेले असते. विल्यम्स यांच्या विनोदात शेजारी राहायला येणे ही आपत्तीच राहते, तर हेन्रीच्या विनोदात शेजारी राहायला येऊन जमाना झालेला असतो. एकाच मुलाच्या एकाच रात्रीच्या कार्यक्रमात हे दोन्ही प्रकार असत, आणि कोणत्या विनोदाला अधिक टाळ्या पडतात हे ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे नव्हता.

पुढे त्याची सुटका झाली. मे १९७९ मध्ये लंडनच्या सोहो भागात कॉमेडी स्टोअर सुरू झाले आणि तिथल्या तरुण मंडळींनी वंश, स्त्रिया आणि सासू यांवरचे तयार विनोद वर्ज्य मानले. या मंडळींशी, विशेषतः विनोदी अभिनेत्री डॉन फ्रेंच यांच्याशी आलेल्या संबंधातून हेन्री यांना स्वतःच्या रंगावरचे ते जुने विनोद टाकून देण्याचे बळ मिळाले. फ्रेंच आणि हेन्री यांचा विवाह १९८४ मध्ये झाला आणि २०१० मध्ये ते विभक्त झाले. शनिवार सकाळच्या ‘टिस्वास’ या मुलांच्या कार्यक्रमातील धांगडधिंगा आणि ट्रेसी उलमन यांच्या साथीने केलेले ‘थ्री ऑफ अ काइंड’ या टप्प्यांवरून ते १९८४ मध्ये स्वतःच्या नावाच्या कार्यक्रमापर्यंत आले. त्यातला डेल्बर्ट विल्किन्स हा बेकायदा रेडिओ केंद्र चालवणारा, लंडनमधील ब्रिक्स्टनचा बडबड्या तरुण मला फार महत्त्वाचा वाटतो. १९८१ च्या दंगलींनंतर ब्रिक्स्टन म्हटले की बातम्यांत जळणाऱ्या गाड्या दिसत. डेल्बर्टमुळे तिथल्या एका पोराची फुशारकी, त्याचे कपडे, त्याची पोलिसांशी चाललेली रोजची कटकट असे सगळे माणसाच्या मापाचे होऊन समोर आले. नव्वदच्या दशकात आलेल्या ‘शेफ!’ या मालिकेत तर त्यांनी एक तिरसट, अहंमन्य आचारी रंगवला, ज्याचा रंग हा कथेचा विषयच नव्हता.

तेव्हा एक माणूस वर आला, हे खरे. पण तो वर आला म्हणून वाट रुंद झाली का? १९८१ मध्ये, म्हणजे मिन्स्ट्रेल कार्यक्रम बंद झाल्यानंतर तीन वर्षांनी, बीबीसीने शेक्सपिअरच्या नाट्यमालिकेत ‘ऑथेल्लो’ सादर केले तेव्हा त्या मूर वंशीय सेनानीच्या भूमिकेत अँथनी हॉपकिन्स होते, अर्थातच रंग लावून. हेन्री यांना ती भूमिका मिळाली २००९ मध्ये, बॅरी रटर यांच्या नॉर्दर्न ब्रॉडसाइड्स या संस्थेच्या प्रयोगात. लीड्सहून ते नाटक लंडनला गेले आणि त्या वर्षी इव्हनिंग स्टँडर्ड या वृत्तपत्राचा नाट्यक्षेत्रातील नवोदिताचा पुरस्कार त्यांना मिळाला. रंगमंचावर चौतीस वर्षे काढलेला, एक्कावन्न वर्षांचा नवोदित. पुरस्कार देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, पण नकळत त्यांनी फार बोलका शब्द निवडला.

मार्च २०१४ मध्ये बाफ्टा या चित्रपट-दूरचित्रवाणी पुरस्कार देणाऱ्या संस्थेत दिलेल्या व्याख्यानात हेन्री यांनी जे आकडे ठेवले ते याच प्रश्नाचे उत्तर होते. दृक्‌श्राव्य आणि अन्य सर्जनशील माध्यम उद्योगांतील कर्मचाऱ्यांमध्ये वांशिक अल्पसंख्याकांचे प्रमाण २००९ मध्ये ६.७ टक्के होते, ते २०१२ मध्ये ५.४ टक्क्यांवर आले होते. एकूण उद्योग वाढत असताना हे लोक घटले होते. २०११ च्या जनगणनेनुसार इंग्लंड आणि वेल्सच्या लोकसंख्येत गौरेतर सुमारे १४ टक्के, आणि उद्योगाचे केंद्र असलेल्या लंडनमध्ये सुमारे ४० टक्के होते. शिवाय बीबीसी ही काही कोणा शेटजींची पेढी नव्हे. त्या वर्षी टीव्ही असलेल्या बहुतेक घरांना १४५.५० पौंड परवाना शुल्क भरावे लागत होते, आणि ते भरताना कोणाचा रंग पाहिला जात नव्हता.

त्यांची मागणी नेमकी समजून घेतली पाहिजे. राखीव जागांचा वाद मराठी वाचकाला नवा नाही, शाहू महाराजांच्या १९०२ च्या आदेशापासून तो आपण ऐकत आलो आहोत, आणि म्हणूनच इथे घाईने तीच चौकट लावली जाण्याचा संभव आहे. हेन्री नोकऱ्यांतील जागा मागत नव्हते. ते अशा निधीची मागणी करत होते, जो कॅमेऱ्यापुढे आणि मागे विशिष्ट प्रमाणात अल्पसंख्याक असलेल्या निर्मितीसाठीच खर्च करता येईल. मग तो कार्यक्रम कशाबद्दलही असो, आणि तो बनवणारी संस्था कोणाचीही असो. याला पूर्वोदाहरण बीबीसीचेच होते. बीबीसी फार लंडनकेंद्री आहे, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर इंग्लंड यांचा पैसा राजधानीत खर्च होतो, ही तक्रार जुनी होती. त्यावर उपाय म्हणून निर्मिती खर्चाचा ठरावीक हिस्सा लंडनबाहेर करण्याचे बंधन आले, उत्तरेकडील सॅल्फर्डला विभागच्या विभाग हलवले गेले, वेल्सच्या कार्डिफमध्ये नवे स्टुडिओ उभे राहिले आणि १९८६ पासून ब्रिस्टलमध्ये बनणारी ‘कॅज्युअल्टी’ ही मालिका २०११ मध्ये तिकडे गेली. ब्रिस्टलकरांना ते झोंबले. पण त्या वेळी वेल्सच्या तंत्रज्ञांची गुणवत्ता तपासा, उगाच प्रांताच्या नावाने दर्जा घसरवू नका, असे कोणी म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. प्रांताला न्याय देताना जे शहाणपणाचे धोरण ठरते, ते वर्णाच्या बाबतीत येताच गुणवत्तेवरचा घाला कसे ठरते?

बीबीसीने त्याच वर्षी उत्तर दिले. महासंचालक टोनी हॉल यांनी पडद्यावरील प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २०१७ पर्यंत १५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट आणि २१ लाख पौंडांचा निधी जाहीर केला, शिवाय एक सल्लागार गट नेमून त्यात हेन्री यांनाही घेतले. वर्षाला साडेतीन अब्ज पौंडांहून अधिक परवाना शुल्क गोळा करणाऱ्या संस्थेत २१ लाख म्हणजे एक टक्क्याचा दहावा हिस्साही नव्हे. त्यातही उद्दिष्ट पडद्यावरच्या चेहऱ्यांवर भर देणारे होते, आणि मिन्स्ट्रेल दौऱ्यांतील लेनी हेन्री हा पडद्यावरचा काळा चेहराच होता हे विसरून चालणार नाही. चेहरा होता, संहिता लिहिणारा हात नव्हता, करार ठरवणारी खुर्ची तर नव्हतीच. १९९८ मध्ये ‘गुडनेस ग्रेशस मी’मधील ब्रिटिश-भारतीय मंडळींनी मुंबईच्या हॉटेलात जाऊन ‘इंग्लिश जेवण’ मागवणाऱ्या टोळक्याचे नाट्य रंगवले आणि करी खायला जाणाऱ्या गोऱ्यांची टर उडवली, ते शक्य झाले कारण लिहिणारेही तेच होते.

पुढे २०२० च्या मे महिन्यात अमेरिकेतील मिनीॲपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा गोऱ्या पोलिसाच्या हातून मृत्यू झाला, ब्रिटनमध्येही लोक रस्त्यावर उतरले, आणि जूनमध्ये बीबीसीने तीन वर्षांत १० कोटी पौंड अशा कार्यक्रमांसाठी राखण्याचे जाहीर केले. सहा वर्षांत रक्कम जवळपास पन्नास पट झाली. निधी राखणे अशक्य होते, त्याने कारभार कोलमडला असता, असे जे सांगितले जात होते ते खरे नव्हते, एवढे तरी यातून दिसून आले. मात्र जो निर्णय २०१४ मध्ये व्याख्यान ऐकून घेता आला असता, तो मोर्च्यांची वाट पाहत थांबला, ही गोष्ट मला सार्वजनिक संस्थेला शोभणारी वाटत नाही.

विरोधकांचा एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. डडलीच्या त्याच गल्लीतल्या गोऱ्या कामगाराच्या मुलाचे काय? ब्रिटिश माध्यमांत महागड्या खासगी शाळांतून आलेल्यांचे वर्चस्व आहे, बिनपगारी उमेदवारी परवडणारेच तिथे टिकतात, आणि नुसता वर्ण मोजला तर लंडनमधील डॉक्टरांची सावळी मुले आत येतील आणि ब्लॅक कंट्रीतली गोरी, काळी सगळीच बाहेर राहतील. हे होऊ शकते. हेन्री यांनी २०१८ मध्ये पंतप्रधानांकडे करसवलतीची जी मागणी नेली, तिच्यात वांशिक अल्पसंख्याकांबरोबर स्त्रिया आणि अपंग व्यक्ती यांचाही विचार होता. माझ्या मते त्यात वर्गही यायला हवा. पण हा आक्षेप मोजमाप सुधारा असे सांगतो, मोजूच नका असे सांगत नाही. एरवी कामगारांच्या मुलांची आठवण ज्यांना कधी होत नाही, त्यांना ती नेमकी याच वेळी होते, हेही लक्षात ठेवायला हवे.

सर या किताबाने गौरवलेला, बर्मिंगहॅम सिटी विद्यापीठाचा कुलपती झालेला श्रीमंत माणूस भेदभावाच्या तक्रारी कशाला करतो, हा दुसरा आक्षेप. त्यात फार दम नाही. तक्रार स्वतःसाठी नव्हती, आणि जो आत आहे तोच आतली परिस्थिती सांगू शकतो. शिवाय हेन्री नुसते बोलत राहिले नाहीत. ऐन कारकिर्दीत ओपन युनिव्हर्सिटीतून इंग्रजी साहित्याची पदवी आणि २०१८ मध्ये, साठीला टेकताना, रॉयल होलोवे येथून पीएचडी त्यांनी मिळवली, आणि प्रबंधाचा विषयही पडद्यावरचे काळ्यांचे चित्रण हाच निवडला.

हेन्री यांच्या विरोधात जाणारी खरी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती त्यांच्या सर्वांत लोकप्रिय कामात आहे. लेखक रिचर्ड कर्टिस यांच्या बरोबरीने त्यांनी १९८५ मध्ये कॉमिक रिलीफ ही संस्था उभी केली. इथिओपियातील दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर, नाताळच्या दिवशी सुदानमधील निर्वासितांच्या छावणीतून तिची घोषणा बीबीसीवर झाली. ५ फेब्रुवारी १९८८ रोजी पहिला ‘रेड नोज डे’ झाला, लोकांनी नाकावर लाल गोळे लावले आणि दीड कोटी पौंड जमले. मार्च २०२४ मध्ये हेन्री यांनी सूत्रसंचालनातून निवृत्ती घेतली तोवर संस्थेने १ अब्ज ४० कोटी पौंडांहून अधिक रक्कम उभी केली होती. हे ऋण कोणीही नाकारू नये. पण त्या चित्रफितींत वर्षानुवर्षे काय दिसले? ब्रिटिश तारा किंवा तारका आफ्रिकेतल्या झोपडीत जाते, आजारी मूल उचलून घेते, डोळे पुसते. बोलणारी ती, आणि ज्यांच्याबद्दल बोलायचे ते लोक गप्प. २०१९ मध्ये मजूर पक्षाचे खासदार डेव्हिड लॅमी यांनी युगांडातील अशाच एका छायाचित्रावरून जाहीर टीका केली, तेव्हा पुष्कळांना ती कृतघ्नपणाची वाटली. अखेर २०२० मध्ये संस्थेने नामवंतांना आफ्रिकेत पाठवण्याची पद्धत बंद केली आणि तिथल्याच निर्मात्यांकडून चित्रफिती करून घेण्याचे ठरवले.

यात हेन्री यांचा ढोंगीपणा शोधण्याची मला इच्छा नाही. उलट, त्यांच्या मागणीचे मर्मच इथे उघडे पडते. चेहरा कोणाचा दिसतो यापेक्षा गोष्ट कोण सांगतो हे महत्त्वाचे, हे तत्त्व पटलेला, त्यासाठी स्वतः सोसलेला, काळा माणूस संस्थेच्या अग्रभागी असूनही ती संस्था पस्तीस वर्षे दुसऱ्यांची गोष्ट त्यांच्या वतीने सांगत राहिली. शिखरावर एक योग्य माणूस असणे पुरत नाही, याचा पुरावा म्हणून हेन्री यांना त्यांच्याच विरुद्ध साक्षीला बोलावता येते. पद्धत बदलली ती कोणाच्या हृदयपरिवर्तनाने नव्हे, तर कॅमेरा कोणाच्या हाती द्यायचा याचा नियम बदलल्यावर.

आईने सांगितलेल्या मिसळून जाण्याच्या मंत्राचे पुढे काय झाले, तेही पाहिले पाहिजे. २०१८ मध्ये विंडरश प्रकरण उघडकीस आले. १९४८ ते १९७३ या काळात कॅरिबियन बेटांतून कायदेशीरपणे आलेल्या, इथेच शिकलेल्या, पन्नास-पन्नास वर्षे कर भरलेल्या माणसांकडे गृहखात्याने कागदपत्रे मागितली, आणि ती नाहीत म्हणून कोणाची नोकरी गेली, कोणाचे औषधोपचार थांबले, काहींना तर देशाबाहेर काढण्यात आले. हे सगळे लोक मिसळून गेलेलेच होते. पॉवेल यांच्या काळी ज्यावर विनोद करता येत होता, ते अर्ध्या शतकानंतर सरकारी पत्रावर छापून येऊ लागले.

हेन्री यांनी लिहिलेले पहिले नाटक याच प्रकरणावर आहे. २०२३ च्या वसंतात लंडनच्या बुश थिएटरमध्ये त्यांनी ते एकट्याने सादर केले. नायक जमैकाहून लहानपणी आलेला; तो त्याचे घर, त्याची प्रेमप्रकरणे, त्याच्या खोड्या सांगत प्रेक्षकांना बराच वेळ मनसोक्त हसवतो. नकला आहेत, गाणे आहे, सोळाव्या वर्षी ज्यावर सभागृह कोसळले होते ते सगळे कसब आहे. मग गृहखात्याची पत्रे येऊ लागतात. शेवटी रंगमंचावर नट बोलायचा थांबतो आणि ज्यांच्यावर हे प्रत्यक्ष गुदरले त्या माणसांच्या ध्वनिचित्रफिती पडद्यावर सुरू होतात. ते आपापली हकिगत आपापल्या तोंडाने सांगतात.